दहा मिनिटांचा पाहुणा

पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांच्या डोळ्यांपुढून एक दृश्य अद्याप पुसले गेले नसेल. १९८७ सालातील रविवारची सकाळ. दूरदर्शनवर ‘रामायण’ लागण्याची वेळ झाली आहे. गल्लीतील निम्मी माणसे एका खोलीत दाटीवाटीने बसली आहेत आणि पडद्यावर मात्र मुंग्याच मुंग्या. घरातील थोरला मुलगा कौलांवर चढून अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून उभा आहे. पाइप किंचित फिरवून तो ओरडतो, "आलं काय?" परसात उभी असलेली बहीण खिडकीतून आत विचारते, आतून आजोबा काहीतरी सांगतात आणि बहीण वर पाहून ओरडते, "आलं होतं, गेलं की! जरा मागं घे!"

आमच्या घरी कौलांवरचे काम आमच्याकडे होते. त्या वेळी आम्हांस एवढेच वाटे की, चित्र एकदा स्थिर झाले म्हणजे सुटलो. पुढे छपरांवर गोल तबकड्या आल्या, जुने अँटेने माळ्यावर गेले आणि पाइप फिरविण्याची ती विद्याही विस्मृतीत गेली. तिची गरज आपणांस पुन्हा पडेल आणि तीही निपाणी-चिकोडीच्या टापूतील एका सरकारी मराठी शाळेच्या गच्चीवर, हे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

निमित्त झाले एका माजी विद्यार्थ्याचे. बेळगावी अभियांत्रिकी शिकणारा हा मुलगा २०२३ च्या दिवाळीत भेटावयास आला, तो बोटभर लांबीचा एक रेडिओ-ग्राहक घेऊन. हे खेळण्यासारखे यंत्र संगणकाला जोडले की, आकाशातील उपग्रह बोलतात ते ऐकू येते, असे त्याचे म्हणणे. आम्ही मराठीचे पदवीधर. आम्हांस त्यातील ओ की ठो कळेना. परंतु "सर, अँटेना लागेल, जुना टीव्हीचा असला तर बघा," असे तो म्हणाला, तेव्हा मात्र आम्हांस आपला माळा आठवला.

येथे थोडे थांबून एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या छपरांवरील तबकडी एकदा बसविली की हलवावी लागत नाही, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेतल्यामुळे एकाच जागी टांगल्यासारखा भासतो. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे सुमारे ३० मीटर व्यासाची जी प्रचंड तबकडी १९७२ साली देशाला अर्पण झाली आणि जिला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले, तिचेही काम अशाच दूरच्या, स्थिर उपग्रहांशी होते. लहान उपग्रहांची गोष्ट निराळी. ते पाचसहाशे किलोमीटरवरून धावतात. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जातो आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो. आपल्या गावावरून तो जातो तेव्हा एका क्षितिजावर उगवून दुसऱ्या क्षितिजावर मावळेपर्यंत फार तर अकरा-बारा मिनिटे मिळतात, आणि डोंगर, झाडे, इमारती वजा जाता दहा. असे योग दिवसातून चारसहा वेळा येतात, त्यांतले काही अपरात्री. पाहुणा दाराशी दहा मिनिटे उभा राहणार, आणि तेवढ्या वेळात आपला कान सतत त्याच्याकडे वळता असला पाहिजे. हा वळता कान बनविणे, हीच साऱ्या उद्योगातील खरी मेख आहे.

उपग्रह सोडला म्हणजे वर्तमानपत्रांत अग्निबाणाचे छायाचित्र येते. त्याला ऐकणाऱ्या अँटेनाचे कोणी छापीत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुमारे आठ वर्षे खपून ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह बनविला आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून एकाच अग्निबाणाने नेलेल्या वीस उपग्रहांत तो आकाशात गेला. वीतभर लांबी-रुंदीच्या आत बसणारी ती पेटी. तिला दिशा देण्यासाठी ना मोटर ना इंधन. आत ठेवलेल्या चुंबकाच्या बळावर ती होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी आपणहून जुळवून घेते. नावातच तो भाव आहे. पण उपग्रहाने स्वतःपुरते वळण साधले तरी जमिनीवरील अँटेनाला तशी सोय नाही. त्याला कोणीतरी वळवावेच लागते, म्हणून त्या मुलांना उपग्रहाबरोबर महाविद्यालयात भूकेंद्रही उभारावे लागले.

मुंबईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोंचा उपग्रह त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला, त्याची कल्पना तर आम्हांस विशेष भावली. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्कणांची मोजदाद हे त्याचे काम. उपग्रहाने विशिष्ट दिशेने कंप पावणाऱ्या लहरी सोडाव्यात, त्या थरातून येताना त्यांच्या कंपनाची दिशा किती वळली हे जमिनीवर मोजावे आणि त्यावरून कणांची संख्या काढावी, अशी योजना. म्हणजे निम्मे यंत्र आकाशात आणि निम्मे जमिनीवर. त्यासाठी देशातील अन्य महाविद्यालयांनाही या मुलांनी आपापली भूकेंद्रे उभारावयास शिकविले. ज्ञान वाटण्याची ही रीत मोठ्या संस्थांना नेहमीच सुचते असे नाही.

या थोरामोठ्यांच्या पंक्तीत आमच्या गच्चीचा उल्लेख करताना संकोच वाटतो. परंतु काम तेच होते. माळ्यावरच्या अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या गावातील वेल्डिंगवाल्याने कापून दिल्या. अमेरिकेच्या हवामानखात्याचे ‘नोआ’ मालिकेतील तीन म्हातारे उपग्रह त्या काळी १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास सतत चित्रे पाठवीत असत. त्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर एकोणीस सेंटिमीटर. तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे एक मीटर नऊ सेंटिमीटर, ही मुख्य नळीची लांबी. तिच्या मागे थोडी लांब नळी, पुढे थोडी आखूड. केबल जोडावयाची ती फक्त मधल्या नळीला. पुढच्या-मागच्या नळ्यांना एकही वायर नसते. त्या केवळ आपल्या लांबीने आणि अंतराने लहरी मधल्या नळीकडे लोटतात. यागी आणि उदा या जपानी प्राध्यापकांनी १९२६ साली ही रचना जगापुढे मांडली. आमच्या पिढीने तिच्यावर कावळे बसलेले पाहिले. तिच्यातील शहाणपण पाहिले नाही.

उपग्रह कधी व कोठे उगवणार, हे कळते ते दोन ओळींच्या एका आकडेवारीवरून. प्रत्येक ओळीत ६९ अक्षरे. त्यांत कक्षेचा कल, लांबटपणा, दिवसाच्या प्रदक्षिणा आणि अमुक क्षणी उपग्रह कोठे होता, हे सारे बसविलेले असते. आम्ही मुलांना सांगितले, हे उपग्रहाचे पंचांग. फरक इतकाच की, हे पंचांग वर्षभर चालत नाही. विरळ हवेचे घर्षण लहान उपग्रहांस सतत मागे ओढते, त्यामुळे आठवड्या-पंधरवड्यात आकडे शिळे होतात. गणित आकाशाशी जुळले पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे नवा नाही. व्यंकटेश बापूजी केतकर हे बागलकोटच्या शाळेत अध्यापन करीत ग्रहगणित करीत होते. ‘ज्योतिर्गणितम्’ लिहिणाऱ्या या शिक्षकाने नेपच्यूनच्या पलीकडील ग्रहांचे गणित मांडले आणि ते १९११ साली फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत छापून आले. आमच्या गावाहून बागलकोट काही फार दूर नव्हे. कर्नाटकात नोकरी करणाऱ्या मराठी शिक्षकाने आकाशाचा हिशेब ठेवावा, ही परंपरा त्यांची. आम्ही फक्त तिच्या सावलीत उभे.

पहिला हिवाळा आम्ही हातानेच अँटेना फिरविला. रात्री ध्रुव पाहून उत्तर दिशा पक्की केली. निपाणीच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून साडेसोळा अंशांच्या आसपास उंच दिसतो. तेव्हा दिशा आणि उंची दोन्हींची खूण एकाच ताऱ्यावरून मिळाली. गच्चीवर चुन्याने दिशांचे वर्तुळ आखले. एक मुलगा घड्याळ पाहून कोष्टक वाची, "पाच वाजून बारा, दिशा एकशे साठ, उंची तीस," आणि सातवीतील एक मुलगी अँटेना धरून फिरे. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. या मुलीचा हात विलक्षण हलका. थोड्याच दिवसांत तिला कोष्टकाची गरज उरली नाही. संगणकातून येणारा टिक-टॉक असा आवाज खरखरू लागला की, ती अर्धे पाऊल वळे आणि आवाज पुन्हा स्वच्छ होई. सेकंदाला दोन ओळी या गतीने पडद्यावर चित्र उमटे. प्रथम अरबी समुद्र, मग कोकणची किनार, आणि ढगांच्या कडेला आपला मुलूख. त्या चित्रात सीमारेषा नसते, ही गोष्ट मुलांनी आपणहून हेरली. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

त्यानंतर यंत्राचा ध्यास लागला. रात्री दोनचा योग मुले कशी साधणार? परदेशी बनावटीचे तयार यंत्र आमच्या किरकोळ खर्चाच्या तरतुदीपलीकडचे. परंतु ‘सॅटनॉग्ज’ या नावाने अथेन्समधील काही तरुणांनी २०१४ साली अशा भूकेंद्राचे आराखडे सर्वांसाठी खुले केले आहेत, ते त्या माजी विद्यार्थ्याने आणले. भंगारवाल्याकडून मोटारीच्या वायपरच्या दोन मोटरी घेतल्या; एक आडवी दिशा फिरविण्यास, दुसरी उंची बदलण्यास. वायपरच्या मोटरीत मळसूत्री दातांचे चक्र असते, त्यामुळे मोटर अँटेनाला फिरवू शकते, पण वारा अँटेनामार्फत मोटरीला फिरवू शकत नाही. हा गुण फार मोलाचा, कारण आधी लावलेल्या साध्या मोटरी वीज गेली की मान टाकीत. वेग कमी करण्यास सायकलच्या दोन चेनी दोन टप्प्यांत बसविल्या. अँटेनाच्या विरुद्ध टोकास सिमेंट भरलेला डबा तोलासाठी. अँटेना कोठे वळला आहे हे यंत्राला कळावे म्हणून जुन्या रेडिओचा आवाज कमी-अधिक करण्याचा खटका प्रत्येक आसावर एक. कौलांवरचा मुलगा म्हणजे मोटर, खोलीतले आजोबा म्हणजे हा खटका, आणि परसातली बहीण म्हणजे मधला छोटा संगणक, एवढे सांगितल्यावर आम्हां स्वतःसही सारे उमगले.

यंत्र चालू झाले त्या दिवशीच त्याने आपली केबल तोडली. उपग्रह वायव्येकडून उत्तरेवरून ईशान्येकडे जात होता. ३५९ अंशांनंतर ० अंश येतो, हे माणसाला कळते. यंत्राला तो मोठा उतार वाटला, आणि एक अंश पुढे जाण्याऐवजी अँटेना उलट्या बाजूने पुरे वर्तुळ हिंडला. केबलचा दोर झाला आणि तुटला. अशा वेळी आधीच विचार करून, वाटेत उत्तर येणार असेल तर अँटेना दुसऱ्या अंगाने फिरवून ठेवावा लागतो. केबलीलाही दीड फेऱ्याची सैल द्यावी लागते.

दरम्यान आमचे म्हातारे उपग्रह गेले. २०२५ च्या जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये उरलेले दोन, असे तिन्ही अमेरिकेने कायमचे बंद केले. त्यांतील थोरला १९९८ साली आकाशात गेला होता. आमच्या विद्यार्थ्यांच्या दुप्पट वयाचा. ज्या सायंकाळी नुसती खरखर आली त्या दिवशी मुले बराच वेळ गच्चीवरून उतरली नाहीत. चित्रांसाठी आम्ही रशियाच्या ‘मेटिऑर’ उपग्रहांकडे वळलो, आणि धाडस करून ४३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरलो. महाविद्यालयांचे चिमुकले उपग्रह बहुधा तेथेच बोलतात. तेथे नळ्या जेमतेम ३४ सेंटिमीटरच्या, पण दहा. त्यामुळे कान तीक्ष्ण होतो आणि त्याचबरोबर अरुंदही. शिवाय जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीप्रमाणे या लहरींचा स्वर उगवताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकाच खाली सरकतो. तोही संगणकाने सावरावा लागतो.

येथेच आम्ही पंधरा दिवस अडलो. एका परदेशी विद्यापीठाच्या उपग्रहाचे मोर्स ठोके उगवताना ऐकू येत, मावळताना येत, आणि नेमके डोक्यावर असताना नाहीसे होत. वास्तविक हे उलटे व्हावयास हवे. क्षितिजावर तो अडीच हजार किलोमीटरवर असतो आणि डोक्यावर पाचशेवर. अंतर पाचपट कमी म्हणजे बळ पंचवीसपटीहून अधिक. माजी विद्यार्थी म्हणाला, दोष ठरलेला आहे. उपग्रह अगदी माथ्यावरून गेला की, दिशा क्षणात पूर्वेची पश्चिम होते, आणि अँटेनाला तेवढ्या झपाट्याने गरकन फिरता येत नाही. मोठमोठ्या तबकड्यांनाही ही अडचण असते. उपाय असा की, दिशा न फिरविता अँटेनाने तसेच पाठीवर आडवे व्हावे. त्यासाठी उंचीचा आस नव्वदऐवजी एकशेऐंशी अंश फिरेल असा पुन्हा वेल्ड करून घेतला. दोन रविवार गेले. दोष जागच्या जागी.

अँटेना फिरविणारी ती मुलगी एव्हाना निपाणीच्या हायस्कुलात आठवीला गेली होती. यंत्र आल्यापासून तिला काम उरले नव्हते, आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, तिला बोलावले नव्हते. ही आमची चूक. एका शनिवारी ती धाकट्या भावास न्यायला आली आणि गच्चीवर येऊन उभी राहिली. यंत्र अजून हललेले नव्हते. संगणकातून क्षीण ठोके ऐकू येऊ लागले, तशी ती म्हणाली, "सर, ते मगाशीच आलंय की. हे यंत्र झोपलंय." मग अँटेना हलला. ठोके माथ्याशी नाहीसे झाले तेव्हा तिने हात लांब करून, अँटेनाच्या पुष्कळ पुढे, आकाशात बोट दाखविले. "तिथं असंल बघा. हे मागनं चाललंय."

घड्याळ पाहिले. शाळेचा संगणक इंटरनेटला जोडलेला नव्हता. कक्षेचे आकडे आम्ही पेन-ड्राइव्हवर आणीत असू. त्याच्या पोटातील बटणाएवढा सेल संपत आला होता आणि घड्याळ मिनिटभर मागे पडले होते. मिनिटभरात उपग्रह साडेचारशे किलोमीटर पुढे जातो. क्षितिजाजवळ तो जवळजवळ समोरून येत असल्याने तेवढ्याने दोनचार अंशांचाच फरक पडे, पण माथ्यावर चाळीस अंशांचा. आमचा कान अगदी रिकाम्या आकाशाकडे वळलेला असे. नवा सेल गावातील घड्याळजीकडेच मिळाला. पुढच्या योगाला ठोके मध्यावर इतके मोठे आले की, आवाज कमी करावा लागला.

आता दर शनिवारी ती येते. आधी आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहते, मग यंत्र चालू करू देते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये देशभरच्या सरकारी शाळांतील ७५० मुलींनी जुळविलेला ‘आझादीसॅट’ अग्निबाणाच्या चुकीमुळे नीच कक्षेत जाऊन नष्ट झाला, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याचा दुसरा अवतार सुखरूप पोचला, ही हकीकत तिने आमच्याकडून दोनदा ऐकून घेतली. आपण बोलू शकतो काय, असे तिने विचारले. आमचे यंत्र केवळ ऐकणारे आहे. बोलावयाचे तर केंद्र सरकारची हौशी रेडिओचालकाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परीक्षेची पुस्तके इंग्रजीत आहेत. त्यांतील पहिले प्रकरण आम्ही दोघे शब्दकोश घेऊन वाचीत आहो. विद्युत्शास्त्र तिला आमच्याआधी समजते, इंग्रजी आम्हांस तिच्याआधी.

मृगापूर्वी अँटेना उतरवून सांधे ग्रीसने भरावयाचे आहेत, कारण गेल्या आषाढात पाणी शिरून एक खटका गंजला. दुसरा अँटेना, आडव्या नळ्यांबरोबर उभ्या नळ्यांचाही, करावा असे चालले आहे. उपग्रह गिरक्या घेतो तेव्हा एकाच रोखाच्या नळ्यांवर आवाज हेलकावे खातो. त्यासाठी वीस नळ्या लागतील. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर १९८७ चा तो सांगाडा अजून पडून असेल, तर तो भंगारात घालण्यापूर्वी आपल्या गावच्या शाळेस विचारून पाहावे. एका सांगाड्यात दहा नळ्या सहज निघतात.